50 एमएम, वीस सेकंद आणि अळ्यांसारखे तारे

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ताऱ्यांच्या फोटोंसाठी कोणती लेन्स घ्यावी, हा माझा लेख वाचून तुमच्या पुतण्याने जुनी 50 एमएम, एफ 1.8 लेन्स घेतली, वीस-वीस सेकंदांचे फोटो काढले आणि सगळे तारे अळ्यांसारखे लांबट आले. आकाशगंगेला वाइड अँगलच लागते, खेड्यातल्या पोरांचे पैसे पाण्यात घालू नका, असं तुम्ही बजावलंय.

आधी माझी चूक. लेन्स कोणती घ्यायची ते मी पानभर लिहिलं, शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते लिहायचं राहून गेलं. पोराच्या रात्री त्यामुळे वाया गेल्या. त्याची माफी मागतो. मूळ लेखात आजच दुरुस्ती करतोय.

आता ती अळी कुठून आली ते. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. 24 मेगापिक्सेलच्या साध्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 एमएम लावली, की मृगातला तारा दर सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल सरकतो. वीस सेकंदांत वीस पिक्सेल. 500 ला एमएमने भागायचं आणि कॅननच्या क्रॉप बॉडीवर आणखी 1.6 ने, असा एक ढोबळ हिशोब आहे. त्याने सहा सेकंद येतात. मी चारच ठेवतो. मृग आकाशाच्या विषुववृत्तावर आहे आणि तिथले तारे सगळ्यांत जोरात पळतात.

चार सेकंदांत काय उजेड येणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच तर ही लेन्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 घ्या. 18 एमएमला, एफ 3.5 वर तिचं तोंड, म्हणजे उजेड आत घेणारं भोक (एमएम भागिले एफचा आकडा), पाच मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढं. 50 एमएम एफ 2.8 वर ठेवली तर तोंड 18 मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच लहान. क्षेत्रफळ बारा पट. त्याच 500 च्या हिशोबाने 18 एमएमला 17 सेकंद मिळतात आणि हिला चारच, तरी एकेका ताऱ्याचा उजेड हिच्यात अडीच-तीन पट जास्त जमा होतो. एमएम आणि एफचा आकडा सगळे बघतात. भागाकार करून तोंड किती रुंद आहे ते कोणी बघत नाही.

आकाशगंगेबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. ती ठिपका नाही, धूसर पट्टा आहे. तिथे एफचा आकडा आणि सेकंदच कामी येतात. शिवाय 50 एमएममध्ये आडवं आकाश जेमतेम 25 अंश मावतं. खाली पळसाचं झाड, वर अख्खा पट्टा, असा एका क्लिकचा फोटो हवा असेल तर हाताने फोकस करायची 14 एमएम, एफ 2.8 हीच लेन्स. तिला 22 सेकंद मिळतात. आपण 20-21 अक्षांशावर आहोत. आकाशगंगेचा मधला भाग दक्षिणेला 40 अंश वर चढतो, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर धुऱ्यावरून सरळ समोर दिसतो. पण जुनी 50 एमएम क्विंटलभर कापसाच्या पैशात येते, 14 एमएमला तीन-चार क्विंटल मोजावे लागतात. ज्याच्या घरी अजून कापसाचे चुकारे यायचे आहेत, त्या पोराला मी पहिली लेन्स म्हणून ती सांगणार नाही. 50 एमएमनेच चार-चार सेकंदांचे चाळीस फोटो काढून सीक्वेटरमध्ये एकावर एक बसवले, तर वृश्चिक-धनूकडचे काळे पट्टेसुद्धा उठून येतात. ते सॉफ्टवेअर फुकट आहे.

एफ 1.8 वर पूर्ण उघडी मात्र ठेवू नका. कोपऱ्यातला तारा दहापट मोठा करून बघा, पंख पसरलेल्या बगळ्यासारखा दिसेल. 2.8 वर आणली की बगळा पुष्कळ आवरतो. निकॉनच्या स्वस्त बॉडीवर जुनी 50 एमएम डी लेन्स ऑटोफोकस करत नाही, त्यामुळे ती घेताना लोक कचरतात. ताऱ्यांना ऑटोफोकस लागतोच कुठे? लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध मोठा करून रिंग फिरवायची, तो सगळ्यांत बारीक झाला की चिकटपट्टी लावायची.

जुनी घेताना टॉर्च सोबत न्या. मागून उजेड टाकून आरपार बघा. माझी पहिली जुनी लेन्स मी दुकानदाराच्या शब्दावर घेतली. घरी आल्यावर बघतो तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि दुकानदाराने ती परत घेतली नाही.

आमच्याकडे ओलिताची लाइट रात्रीचीच, तेव्हा हरभऱ्यात मी जागा असतोच. तिथे दवाने लेन्स दहा मिनिटांत आंधळी होते. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी लेन्सभोवती बांधतो, काचेला लागू देत नाही. काळोख्या आकाशासाठी लांब जायची गरज नाही. पेंच 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं याचा मला आनंद आहे, पण गावच्या हायमास्टपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शेतातही पुष्कळ काम होतं.

पुतण्याला लेन्स विकू देऊ नका. मार्गशीर्ष अमावस्येच्या आसपास रात्री नऊला मृग चांगलं वर आलेलं असतं. ट्रायपॉड, एफ 2.8, आयएसओ 3200, चार सेकंद. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली गुलाबीसर डाग येतो, तो मृगातला तेजोमेघ. रॉ फाइल मला पाठवायला सांगा, तारे तरीही लांबट आले तर कारण शोधून देईन.