‘रक्त फिरवायचा धंदा’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. खाली सरकलेल्या हिरड्यांवर पीआरएफ (म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट भरपूर असलेला फायब्रिनचा पडदा) कसं वापरतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘पेशंटचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यालाच विकायचं, हा धंदा आहे. तोंडातल्या टाळूचा तुकडा हिरडीवर लावणं जास्त भरवशाचं, ते सांगितलं नाही. खर्च आणि पाच वर्षांनी हिरडी कुठे असते, तेही नाही.’

एक चूक कबूल. ‘हिरडी पुन्हा उगवते’ असा मथळा मी द्यायला नको होता. उघडं पडलेलं मूळ झाकलं जातं, एवढंच म्हणायला हवं होतं.

पण ‘विकायचं’? हाताच्या शिरेतून नळ्यांत रक्त घेतो. त्यात रक्त गोठू न देणारं औषध नसतं, म्हणून ते तिथल्या तिथे मशीनला लावावं लागतं. मिनिटाला 2700 फेऱ्या, 12 मिनिटं. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची गाठ. चिमट्याने उचलली की खरवसाच्या वडीसारखी थरथरते. दाबून तिचा पडदा करायचा, मुळावर ठेवायचा, वरून हिरडी ओढून टाके घालायचे. प्लेटलेटमधले वाढीचे घटक त्यातून आठवडाभर तरी सुटत राहतात. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये ही पद्धत मांडली, ती आधीच्या पीआरपीतली (प्लेटलेट भरपूर असलेला रक्तद्रव वापरायच्या पद्धतीतली) गाईच्या थ्रॉम्बिनची, म्हणजे रक्त गोठवायला बाहेरून घालायच्या पदार्थाची भानगड टाळणारी. यात बाहेरचं काही घालतच नाहीत, तर मी विकतो काय?

परभणीतल्या माझ्या दवाखान्यात एकदा भर उन्हाळ्यात लाईट गेली. तीन नळ्या भरलेल्या, मशीन थांबलेलं, रक्त जागच्या जागी गोठलं. त्या ताईंची मी हात जोडून माफी मागितली, एक पैसा घेतला नाही, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. त्याच महिन्यात इन्व्हर्टर बसवला. धंदेवाईक माणूस हे करतो का, ते तुम्हीच सांगा.

आणि माझी माय. तिने चाळीस वर्षं बोटाने मिश्री घासली. खालचे पुढचे दात इतके उघडे पडले की गार पाणी लागलं तरी ती गाल धरून बसायची. मी हिरड्यांचा डॉक्टर, मशीन घरचं. तरी तिला पीआरएफ केलं नाही, कारण दातांमधलं हाड झिजलं होतं आणि तिथे पडदा चढवून मूळ पूर्ण झाकलं जात नाही. मिश्री सोडवली, दात साफ केले, मऊ ब्रश हातात दिला. स्वतःच्या मायला ‘नाही’ म्हणणाऱ्याला तुम्ही दोन ओळींत दुकानदार ठरवलंत. लेख शेवटपर्यंत वाचला होता का, अशी मला शंका आहे.

टाळूच्या तुकड्याचं म्हणाल, तर हिरडी जाड करायची असेल तिथे मीही तोच घेतो. त्यावर भांडण नाही. खर्चाचं काय, दाताप्रमाणे बदलतो. हा मोंढ्यातला भाव नाही की रोज फळ्यावर लिहावा. पाच वर्षांचं पुन्हा कधीतरी.

मथळा आजच बदलला आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तशी राहील. ‘धंदा’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा.