नॉब पिळणाऱ्या हातांनो, आधी साबणाचं पाणी घ्या

शर्टांवर रंग छापणारं, हवेच्या दाबावर चालणारं स्क्रीन प्रिंटिंगचं मशीन. त्यात हवेची सहा मिलीमीटरची नळी, पाव इंचाच्या फिटिंगमध्ये (नळी अडकवायच्या जोडात). वरून काळी इन्सुलेशन टेप. आणि टेप सुटू नये म्हणून तिच्यावर केबल टाय.

म्हणजे ज्याने हे केलं त्याला पक्कं ठाऊक होतं की हे सुटणार आहे! नाहीतर टाय कशाला आवळेल? नकळत झालेली चूक एक वेळ माफ करता येईल. हा तर बंदोबस्त करून केलेला गुन्हा आहे.

सहा रंगांचं काम, दर रंगाला छापणारं एक हेड, आणि चौथ्या हेडचा रंग दर दहा-बारा शर्टांनी थोडा थोडा सरकतोय. मग निघाली नेहमीची प्रदक्षिणा. स्क्रीनचं (फ्रेमवर ताणलेल्या छपाईच्या जाळीचं) टेन्शन मोजा. पॅलेटवरचा (शर्ट चढवायच्या पाटावरचा) गोंद कमी पडला असेल, पुन्हा मारा. फ्लॅशखाली (रंग सुकवणाऱ्या हीटरखाली) कापड आकसत असेल. इंक घट्ट आहे. ऑफ-कॉन्टॅक्ट (स्क्रीन आणि कापडातलं अंतर) जास्त आहे. मायक्रोचा (फ्रेम किंचित सरकवायचा) नॉब अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, आणि दर फेऱ्याला दोन शर्ट चिंध्यांत. सगळ्यांना सगळं सुचलं. काम थांबवून फ्रेमला हाताने ढकलून बघावं, हे मात्र शेवटपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नाही. मशीन थांबवलं, हेड खाली घेतलं, फ्रेम ढकलली, तर फ्रेम धरणारा मागचा क्लॅम्प चक्क सैल. क्लॅम्पच्या सिलिंडरला जाणारी नळी म्हणजे वर सांगितलेली ती टेपवाली.

आता सहा आणि सहा पूर्णांक पस्तीस यांच्यात काय फरक असतो, असं विचारणारे भेटतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फिटिंगच्या आतले दात सहाची नळी पकडतात, ओढली तर हाताला घट्ट लागते, म्हणून फसायला होतं. पण हवा दात अडवत नाहीत, आतली ओ-रिंग (रबरी कडं) अडवते. ती ०.३५ मिमी सैल बसली की हवा सुटलीच. उलट बाजूने पाव इंचाची नळी सहाच्या फिटिंगमध्ये जातच नाही, तर तिथे ब्लेडने खरवडून घुसवणारे महाभाग आहेत. खरवडलेल्या नळीवर ओ-रिंग कशी बसणार? गंमत अशी की ५/१६ इंच आणि ८ मिमी जवळजवळ एकच आहेत (७.९४), ५/३२ आणि ४ मिमी सुद्धा (३.९७). तिथे अदलाबदल खपून जाते. त्यामुळे लोकांचा समज होतो की सगळीकडेच खपते. नाही खपत!

आणि या सगळ्यात तो अमर वाक्प्रयोग: "पण गेज तर सहा दाखवतंय."

दाखवणारच. मशीन उभं असताना दाबाचं गेज सहा बारच दाखवणार, कारण तेव्हा हवा कोणी मागतच नाहीये. सगळी हेड एकदम खाली येतात, स्क्वीजी (रंग दाबून छापणारी पट्टी) आणि फ्लड बार (रंग जाळीवर पसरवणारी पट्टी) आपली जागा बदलतात, त्या सेकंदाला गेजकडे बघा. अर्धा बार खाली जाऊन लगेच वर आला तर चालवून घेऊ. दीड-दोन बार खाली बसला तर गळती आहे, नाहीतर पाइप अरुंद आहे, नाहीतर एफआरएलचा (मशीनच्या तोंडाशी बसवलेल्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) फिल्टर तुंबलाय. ३२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारला कागदावर साधारण ४८ किलोचा जोर देतो, ४ बारला ३२ किलोचा. एक तृतीयांश पकड गायब, आणि नेमकी स्क्वीजी फ्रेमला ओढत असताना. मग रंग सरकणार नाही तर काय करणार?

यावर कारखान्यातला सर्वमान्य उपाय काय? रेग्युलेटरचा नॉब पिळा! सहाचे सात करा. सात पुरत नसतील तर आठ. अरे, फुटक्या बादलीचा नळ मोठा केला तर बादली भरते का? दाब वाढला की प्रत्येक भोकातून हवा जास्त जाते. कॉम्प्रेसरला दर जादा बारामागे साधारण सहा-सात टक्के वीज जास्त लागते. इंडेक्स (पॅलेट एका हेडवरून पुढच्यावर फिरवणं) हवेवर चालत असेल तर पॅलेट थांब्यावर धाडकन आदळतात, शॉक ॲब्सॉर्बर लवकर बसतो, आणि रजिस्ट्रेशन (रंगाला रंग जुळणं) पहिल्यापेक्षा वाईट. मग पुन्हा मायक्रोचा नॉब. नॉबवर नॉब.

भोक केवढं असतं म्हणून विचारता? ७ बारला ३ मिमीच्या एका भोकातून मिनिटाला २५ घनफुटांच्या आसपास हवा जाते. पाच एचपीचा कॉम्प्रेसर अख्खा जीव काढून पंधरा ते वीस घनफूट देतो. म्हणजे एक कॉम्प्रेसर नुसता त्या भोकासाठी ठेवलाय, आणि तोही कमी पडतोय.

मोजायला अवघड तरी आहे का? सगळी मशीनं बंद करा, कॉम्प्रेसर चालू ठेवा, घड्याळ घ्या. समजा दोन मिनिटं लोडवर (हवा भरत) चालला आणि सहा मिनिटं अनलोडवर (हवा न भरता) राहिला. दोन भागिले आठ. २५ टक्के हवा कोणीही काम करत नसताना उडतेय. दहाच्या आत असेल तर ठीक. हे गणित चौथीतल्या पोराला येतं, पण त्यासाठी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं थांबावं लागतं, तिथे घोडं अडतं.

गळती मशीनमध्ये की लाइनमध्ये, ते बघायला मशीनच्या आधीचा कॉक बंद करायचा आणि मशीनचं गेज किती वेगाने उतरतं ते बघायचं. इथेही एक शहाणपणा चालतो. एफआरएलजवळचा लॉक लावायचा लाल व्हॉल्व्ह बंद करतात आणि ओरडतात, "बापरे, दोन सेकंदात शून्य!" तो व्हॉल्व्ह मशीनमधली हवा बाहेर सोडण्यासाठीच असतो, महाराज. त्याच्या आधीचा साधा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. आणि चाचणी दोनदा करा: एकदा हेड वर, क्लॅम्प उघडे; एकदा हेड खाली, क्लॅम्प लावलेले. सिलिंडरला दोन बाजू असतात, एका वेळी एकाच बाजूत हवा असते. आमची ती टेपवाली नळी क्लॅम्प उघडा असताना एकदम साधूसारखी शांत होती.

नंतर शोध. भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब पाण्यात, आणि ब्रशने लावायचं. फवारायचं नाही! सोलेनॉइडच्या (विजेने व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर, कनेक्टरवर साबणाचं पाणी मारून गळतीच्या जोडीला शॉर्ट सर्किट मिळवणारे आहेत. बाटली घुसळून आधीच फेस करू नका, मग कुठला बुडबुडा हवेचा आणि कुठला तुमचा ते कळत नाही. हात फिरवून गळती शोधू नका, बारीक धार कातडीत घुसू शकते. गोंगाटात अल्ट्रासॉनिक यंत्र उत्तम, ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडतं, आजूबाजूची घरघर त्याला ऐकू येत नाही. ते नसेल तर मीटरभर नळी घ्या, एक टोक कानाजवळ आणि दुसरं फिटिंगांवरून फिरवा. तेवढं टोक थेट धारेत धरू नका, कान एकच जोडी मिळते.

आणि हो, कबूल करतो. एवढी अक्कल पाजळणारा हा माणूस परवा पंचवीस मिनिटं मशीनखाली आडवा पडून एक 'सूं' शोधत होता. ती त्याच्याच खिशाला अडकवलेल्या ब्लो गनची (हवा मारायच्या पिस्तुलाची) होती. कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं. आता कुठेही शांतता असली की मान आपोआप तिरकी होते आणि हात साबणाच्या बाटलीकडे जातो. घरचे म्हणतात पंखा आहे तो.

असो. विषय ब्लो गनचा निघालाच आहे तर, गन आणि तिचा क्विक कप्लर हे मशीनवरचे पक्के चोर. कप्लरची आतली रिंग झिजते, तो दिवसरात्र फुसफुसतो, आणि 'तो तसाच असतो' म्हणून सोडून दिला जातो. तसाच नसतो!

दुसरं, सायलेन्सरमधून (व्हॉल्व्हची वापरलेली हवा बाहेर पडते तिथून) सतत हवा आली की 'व्हॉल्व्ह गेला' असं जाहीर करून नवा मागवणं. थांबा की जरा. हवा व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (हवेची वाट बदलणाऱ्या आतल्या सरकत्या दांड्याजवळून) येत असेल किंवा सिलिंडरच्या पिस्टनचं सील फाटून पलीकडच्या बाजूने परत येत असेल. सिलिंडर एका टोकाला उभा करा. मशीनची हवा सोडून, हेडखाली ठोकळा लावून, ज्या बाजूत दाब नाही तिकडची नळी सिलिंडरवरून काढा. हळूच हवा परत द्या. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून हवा आली तर पिस्टनचं सील गेलं. नाही आली आणि सायलेन्सर तरी वाजतोय, तर व्हॉल्व्ह. मॅनिफोल्डला (अनेक व्हॉल्व्ह बसवलेल्या ठोकळ्याला) सगळ्यांचा एक्झॉस्ट एकच असतो, तिथे शेजारचा व्हॉल्व्ह अदलून बघा, खोड कोणाबरोबर जाते ते कळेल. हेडखालच्या ठोकळ्याचं मात्र विसरू नका, हवा काढली की हेड तुमच्या बोटांचा विचार करत नाही.

कधी कधी तर व्हॉल्व्ह निर्दोष असतो. पायलटवर (हवेच्याच दाबावर) चालणाऱ्या व्हॉल्व्हला स्पूल ढकलायला किमान दाब लागतो. दुसरीकडच्या गळतीने मॅनिफोल्डच्या टोकाला दाब कमी पडला की स्पूल अर्ध्यात अडकतो, आणि अर्ध्यात अडकलेला स्पूल थेट एक्झॉस्टला हवा सोडतो. एक गळती दुसरीला जन्म देते. तुम्ही बाळाला बदलता, आई तशीच.

टेफ्लॉन टेपबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. ओ-रिंग असलेल्या सरळ आट्याच्या फिटिंगला टेप लागत नाही. टेपर (निमुळत्या) आट्याला दोन-तीन वेढे, आटा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, आणि पहिला आटा मोकळा. इथे मात्र नवरदेवाला मुंडावळ्या बांधाव्यात तशी टेप बांधतात, तिचा तुकडा तुटून आत जातो आणि स्पूलखाली बसतो. बीएसपी आणि एनपीटी हे दोन वेगळ्या पद्धतींचे आटे एकमेकांत कोंबून वर टेपने भोक बुजवणं हा वेगळाच छळ. पाव इंचाला एकात इंचामागे १९ आटे, दुसऱ्यात १८. दोन-तीन फेरे छान जातं, मग अडकतं, मग मोठा पाना येतो, मग ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड चिरतो.

नळी पक्कडीने तिरकी कापणारे. कटर आहे, हातभर अंतरावर आहे. टोक चपटं आणि तिरकं असलं की ओ-रिंगला एका बाजूने धारच लागते. एक सेंटिमीटर सरळ कापून पुन्हा बसवा, अर्ध्या गळत्या तिथेच मिटतात. फ्लॅशजवळची कडक झालेली नळी मात्र कापून उपयोग नाही, अख्खी बदला आणि दुसऱ्या वाटेने न्या.

एफआरएलचा पारदर्शक बाऊल थिनरने चकाचक करणारे. तो पॉलिकार्बोनेटचा असतो. थिनर लागला की बारीक जाळं पडतं आणि एक दिवस दाबाखाली फुटतो. सौम्य साबण आणि पाणी, बस. त्याच बाऊलखालचा ऑटो ड्रेन गाळाने अडकून उघडाच राहतो, आणि 'पाणी काढतोय बिचारा' म्हणून आठवडाभर त्याचं कौतुक होतं. स्प्रे गोंद सिलिंडरच्या रॉडवर उडतो, त्यावर कापसाची लव बसते, ती रॉडबरोबर आत-बाहेर करत सील खाते. आठवड्यातून एकदा रॉड फडक्याने पुसायला काय जातं?

चौथ्या हेडची नळी बदलली. फिटिंग सहाची, नळी सहाची, टोक सरळ. रेग्युलेटर पुन्हा सहावर आणला. रंग जागेवर बसला. टेपचा रोल कपाटात, कुलपात.

आणि ती मोठी 'सूं' थांबल्यावर आता दुसऱ्या हेडवरची बारकी ऐकू यायला लागली आहे.