मॉर्मनांवरचा तो फॉरवर्ड: बायकांना कोणी विचारलं होतं का?

मावसबहिणीला अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीजवळ, म्हणजे मॉर्मन चर्चच्या मुख्य गावाजवळ, नोकरी लागली आणि मावशीच्या फोनवर तो फॉरवर्ड येऊन थडकला. याआधी दोन-तीन ग्रुपवर तो पाहून मी सोडून दिला होता. आता मावशी "तिला पाठवायचंच नाही" म्हणून हटून बसली आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

फॉरवर्ड थोडक्यात असा: अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे, तिथला प्रत्येक पुरुष आजही चार-पाच बायका करतो. बायका अडाणी, मुक्या, कोंडलेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांनी हे पुराव्यानिशी उघडकीस आणलं, स्त्रियांच्या कळवळ्याने अख्खी अमेरिका पेटून उठली, पण चर्चने सरकारच विकत घेतल्यामुळे कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. शेवटी "आपल्या लेकी वाचवा" आणि हात जोडलेले इमोजी.

"आजही" आधी निकालात काढते. चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी सप्टेंबर १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही काहींनी गुपचूप लग्नं लावली, हे मान्य. म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला, आणि आज दुसरी बायको करणाऱ्याला चर्च बाहेरचा रस्ता दाखवतं. अनेक बायका करणाऱ्या वॉरन जेफ्ससारख्या पुढाऱ्यांच्या बातम्या येतात त्या फुटून निघालेल्या गटांच्या. आणि "प्रत्येक पुरुष" तर तेव्हाही नव्हता. बहुतेकांना एकच बायको होती. ज्यांनी जास्त केल्या, त्यांतल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांना दोनच.

आता तो "अडाणी आणि मुक्या" वाला मुद्दा. सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्याच कॉलेजातून आठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, एलिस रेनल्ड्स शिप ही युटाची मॉर्मन बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिच्या नवऱ्याला चार बायका होत्या, ती पहिली. लहान मुलं सवतींच्या हवाली करून ती शिकायला गेली, शिक्षण चालू असतानाच तिला आणखी एक मूल झालं, तरी तिने पदवी घेतली. परत येऊन तिने सुईणींचं शिक्षण सुरू केलं आणि शेकडो बायकांना तयार केलं. दुसरी मार्था ह्यूज कॅनन. हीही डॉक्टर, अँगस कॅननची चौथी बायको. १८९६ मध्ये युटाच्या सेनेटसाठी ती डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभी राहिली. विरोधी रिपब्लिकन उमेदवारांत खुद्द तिचा नवरा होता. ती निवडून आली, तो पडला. अमेरिकेतली ती पहिली स्त्री स्टेट सेनेटर.

दोन कर्तबगार बायकांवरून सगळ्यांचं सुख ठरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मताधिकाराचं बघा. फेब्रुवारी १८७० मध्ये युटाच्या बायकांना मताचा हक्क मिळाला. सगळ्या अमेरिकेतल्या बायकांना तो मिळायला १९२० उजाडलं. पूर्वेकडच्या काही सुधारकांचा हिशेब असा होता की मत हातात आलं की या बायका बहुपत्नीत्वाला गाडून टाकतील. तसं झालं नाही. उलट १८७० च्याच जानेवारीत हजारो मॉर्मन बायकांनी सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभागृहात, सभा भरवून बहुपत्नीत्वाविरुद्धच्या विधेयकाविरुद्ध स्वतः भाषणं ठोकली होती. १८७२ पासून त्यांनी ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे स्वतःचं वर्तमानपत्र चालवलं, तेही चाळीसहून अधिक वर्षं. मग १८८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बहुपत्नीत्वाविरुद्ध एडमंड्स-टकर कायदा केला आणि युटातल्या सगळ्याच बायकांचा, मॉर्मन असो वा नसो, मताचा हक्क काढून घेतला. ज्यांना सोडवायला निघाले, त्यांचंच मत हिसकावलं. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

वर्तमानपत्रांच्या "पुराव्यां"बद्दल. काहींनी खरंच कष्ट घेतले. न्यू यॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली १८५९ मध्ये प्रवास करत सॉल्ट लेकला गेला, चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष ब्रिगॅम यंग याच्यासमोर बसला, सरळ प्रश्न विचारले आणि उत्तरं जशीच्या तशी छापली. बायका किती, तर यंग म्हणाला पंधरा, पण त्यांतल्या काही म्हाताऱ्या, आईसारख्या, सांभाळायला घरी आणलेल्या. ग्रीलीने हेही नोंदवून ठेवलं की एकही मॉर्मन बाई त्याच्याशी बोलली नाही आणि कोणा पुरुषाने आपल्या बायकोचं मत त्याला सांगितलं नाही. ही नोंद मॉर्मनांना बोचणारी आहे आणि ती खरी आहे. पण असे वार्ताहर थोडे. बाकीच्यांचा माल म्हणजे व्यंगचित्रं आणि ऐकीव गोष्टी. १८७७ मध्ये यंग वारला तेव्हा ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाने लांबलचक पलंगावर ओळीने रडणाऱ्या बायका आणि मधली रिकामी जागा असं चित्र छापलं. त्या बायकांपैकी कोणाला काय वाटतं, हे विचारायची गरज कोणाला भासली नाही.

थोडं खरं आहे ते नाइलाजाने कबूल करते. चर्चने १८५२ पर्यंत बहुपत्नीत्व जाहीरपणे नाकारलं आणि आतून चालवलं. १८४४ मध्ये नॉव्हू या मॉर्मनांच्या तेव्हाच्या गावात पंथातूनच फुटलेल्या लोकांनी ‘नॉव्हू एक्स्पोझिटर’ हे वर्तमानपत्र काढून हे बाहेर आणलं, तर एका अंकानंतर त्यांचा छापखाना मोडला. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायकांत चौदा वर्षांची मुलगी होती. यंगला सोडून आलेली त्याची बायको अ‍ॅन एलायझा गावोगाव व्याख्यानं देत फिरली, तिचं दुःख खोटं नव्हतं. हे झाकायचं मला कारण नाही.

पण "स्त्रियांच्या कळवळ्याने पेटून उठली" हे फॉरवर्ड करण्याआधी १८७९ चा रेनल्ड्स खटल्याचा, म्हणजे दुसरी बायको केल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका मॉर्मन पुरुषाच्या खटल्याचा, निकाल वाचा, इंटरनेटवर फुकट मिळतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यात स्वच्छ म्हटलंय की बहुपत्नीत्व युरोपच्या उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या राष्ट्रांना कायम तिरस्करणीय वाटत आलं, आणि मॉर्मन चर्च निघेपर्यंत ते जवळजवळ फक्त आशियाई आणि आफ्रिकी लोकांच्या जगण्याचा भाग होतं. पुढे नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या विधवेचा दाखला. म्हणजे राग नुसता चालीवर नव्हता. गोरी माणसं आपल्यासारखी वागायला लागली, हाही राग होता. वर्तमानपत्रं त्यांना तुर्क म्हणत, त्यांच्या घरांना जनानखाना म्हणत, ते याच चालीवर. आणि तोच माल आपण मराठीत आणून मावशा-काकवांना पाठवतोय!

"सरकार विकत घेतलं" याला उत्तर द्यायलाही वेळ घालवू नये. १८६२ चा बहुपत्नीत्वबंदीचा कायदा लिंकनच्या सहीचा. १८८२ च्या कायद्याखाली हजारावर पुरुष तुरुंगात गेले. १८८७ मध्ये चर्चची मालमत्ता जप्त करायला घेतली.

आणि ही परक्यांची विकृती म्हणणाऱ्यांनी मुंबईचा १९४६ चा द्विभार्या प्रतिबंधक कायदा आठवावा. तोपर्यंत मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी-तिसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. देशात सगळीकडे ती यायला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागला. मुंबईच्या कायद्याला नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हान दिलं गेलं. १९५१ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो उचलून धरला, तेव्हा आधाराला घेतलं ते अमेरिकेतल्या १८९० च्या एका मॉर्मन खटल्यातलं वचन: कायद्याला श्रद्धेत हात घालता येत नाही, आचरणात घालता येतो.