‘दाखवणे ही निव्वळ सजावट’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

‘जुना प्रोग्रामर’ या टोपणनावाने आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. व्यवसायातील माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील शोधांवरच्या लेखात मी स्प्रेडशीट आणि पिव्होट टेबल (ओळी-रकाने हवे तसे फिरवून बेरजा दाखवणारा तक्ता) यांना रिलेशनल डेटाबेसच्या, म्हणजे माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवणाऱ्या प्रणालीच्या, पंक्तीला बसवले, हे आपल्याला मान्य नाही. आपले वाक्य जसेच्या तसे देते : ‘माहिती साठवणे हेच खरे काम; ती पडद्यावर दाखवणे ही निव्वळ सजावट आहे आणि तिला शोध म्हणणाऱ्यांनी डेटाबेस कधी उघडूनही पाहिलेला नसतो.’ शिवाय लेखात लॅनपार हा स्प्रेडशीटचा आद्य प्रोग्राम नाही, व्हिजीकॅल्क या पुढच्या स्प्रेडशीटला पेटंट नव्हते म्हणून तो शोधच नव्हे, लेख अकारण लांबला आहे आणि मी ‘पुढच्या वेळी अभ्यास करून’ लिहावे, असेही आपण सुनावले आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र वरच्या वाक्याचा पूर्वार्ध मुद्दा मांडतो आणि उत्तरार्ध समोरच्याची लायकी काढतो. मुद्दा आपल्याला पुरेसा वाटत होता, तर उत्तरार्ध लिहिण्याचे कारण काय होते? ज्या व्यक्तीला आपण ओळखत नाही, तिने काय उघडून पाहिले आणि काय नाही, हे आपण कशाच्या आधारावर ठरवले? असे लिहिणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते, तरीही मी ते देत आहे, कारण हा समज आपल्या एकट्याचा नाही.

लॅनपारबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. रेने पार्डो आणि रेमी लँडाउ यांनी १९६९ मध्ये तो तयार केला. सूत्रे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी कोणता आकडा आधी काढायचा, हे त्यात यंत्रच ठरवत असे. दहा वर्षांनी आलेल्या व्हिजीकॅल्कमध्ये आकडेमोड ओळींच्या किंवा रकान्यांच्या ठरावीक क्रमानेच होई. विस्तारभयास्तव मी लॅनपार वगळला होता, त्याला चार ओळी द्यायला हव्या होत्या. परंतु हा दाखला आपल्या बाजूने कसा बोलतो, ते मला उमगत नाही. लॅनपारसाठी १९७० मध्ये केलेला पेटंटचा अर्ज अमेरिकेतील न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ मध्ये ते पेटंट मिळाले. आकड्यांची चौकट, म्हणजे स्प्रेडशीट, ही सजावट असेल, तर लॅनपारला शोधांच्या यादीत घ्या हा आग्रह कशासाठी? आणि पेटंट हीच शोधाची कसोटी असेल, तर ती या चौकटीने पार केलेली आहे. दोन्ही विधाने एकाच प्रतिक्रियेत एकत्र नांदू शकत नाहीत.

आता मूळ वाक्याकडे येते. साठवण्याच्या बाजूचा महापुरुष म्हणून आपण रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांचे नाव घेतले आहे. त्यांच्याविषयीचा आदर मलाही आहे, म्हणूनच त्यांचे नाव चुकीच्या बाजूला उभे केलेले मला खपत नाही. कॉड यांच्याआधी आयबीएमच्या आयएमएससारख्या प्रणालींमध्ये नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या असत आणि एखादी नोंद हवी असेल, तर तिच्यापर्यंतची वाट प्रोग्रामरला ठाऊक असावी लागे. डेटाबेसचे आद्य संशोधक चार्ल्स बाखमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या सन्मानाच्या) भाषणात प्रोग्रामरचे वर्णन वाट काढत जाणारा नाविक असेच केले होते. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉड यांच्या निबंधाची सुरुवातच याच्या विरोधात होते : माहिती यंत्राच्या आत कशी मांडलेली आहे, हे जाणून घेण्याची सक्ती वापरणाऱ्यावर असू नये. डिस्कवर तक्ता नसतो. तेथे बाइट्सचे गठ्ठे असतात, अनुक्रमणिका असतात, त्यांची रचना उद्या बदलूही शकते. वापरणाऱ्यासमोर मात्र ओळी आणि रकाने असलेला तक्ताच यावा आणि त्याने त्या तक्त्याच्या भाषेतच प्रश्न विचारावा, ही कॉड यांची कल्पना होती. तो तक्ता प्रत्यक्षात कसा साठवायचा आणि प्रश्नाचे उत्तर कोणत्या वाटेने लवकर मिळेल, हे काम पुढे १९७० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टम आर या प्रायोगिक डेटाबेस प्रकल्पातील मंडळींनी करून दाखवले. म्हणजे आपण ज्यांना साठवणुकीचे प्रतीक मानता, त्यांचा सर्वांत मोठा शोध माहिती माणसासमोर कोणत्या रूपात यावी याविषयीचाच होता. हे ज्याला दिसत नाही, त्याने दुसऱ्यांना अभ्यासाचे सल्ले देऊ नयेत.

स्प्रेडशीट म्हणजे ‘हिशेबनिसाचा आखीव कागद पडद्यावर’, हे आपले वर्णन ऐकायला चटकदार आहे, पण कागदावर एक आकडा खोडला की त्याच्यावर विसंबलेले बाकीचे आकडे आपोआप बदलत नाहीत. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना नेमकी हीच अडचण त्यांना दिसली, आणि बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी व्हिजीकॅल्क बाजारात आणले. ‘भाव इतका ठेवला तर काय होईल?’ हा प्रश्न हिशेब ठेवणारी व्यक्ती त्यानंतर स्वतःच विचारू लागली, प्रोग्रामरच्या मध्यस्थीशिवाय.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. नोकरीतील उमेदीची वर्षे मी एका कंपनीच्या हिशेब विभागात मासिक अहवाल तयार करण्यात घालवली आहेत, आणि डेटाबेस मी उघडून पाहिला आहेच, त्यावर रात्री उशिरापर्यंत क्वेरीही (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहिल्या आहेत. आमची माहिती अचूक साठवलेली होती. एकही नोंद हरवत नसे. दर महिन्याला संगणक विभागाकडून छापील अहवालांचे गठ्ठे येत, मालाच्या प्रकारानुसार लावलेले. तीच विक्री विभागवार पाहायची असेल, तर लेखी मागणी करावी लागे, आणि अहवाल हाती येईपर्यंत निर्णयाची बैठक उरकलेली असे. पुढे पिव्होट टेबल हाती आल्यावर रकाना उचलून ओळीच्या जागी ठेवता येऊ लागला आणि एकूण बेरजेत भरभराटीचा दिसणारा एक माल एका विभागात सातत्याने तोट्यात विकला जात होता, हे प्रथमच आमच्या नजरेस आले. त्या नोंदी वर्षानुवर्षे तिथेच होत्या. आपल्या व्याख्येनुसार ‘खरे काम’ पूर्ण झालेले होते आणि कंपनी तरीही नुकसान सोसत होती. त्या तोट्याची उत्तरे वरिष्ठांना मला द्यावी लागली आहेत, त्यामुळे ‘सजावट’ हा शेरा मी हसून सोडून देऊ शकत नाही.

शिवाय दाखवण्याच्या गरजेने साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची भाषाही बदलली आहे. पिटो सालास यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या लोटस इम्प्रोव्ह या स्प्रेडशीटने १९९१ मध्ये माहिती, सूत्रे आणि मांडणी यांची फारकत केली. अशा उलटसुलट फिरवता येणाऱ्या बेरजा साध्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, मागणे फार किचकट होते, म्हणून जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘डेटा क्यूब’ ही क्रिया मांडली, आणि क्यूब व रोलअप या बेरजा मागण्याच्या दोन्ही क्रिया १९९९ च्या एसक्यूएल मानकात आल्या. ग्रे हे डेटाबेसमधील व्यवहारांच्या सुरक्षिततेवरील कामासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे संशोधक होते. त्यांना आडव्या-उभ्या बेरजांच्या तक्त्याकडे लक्ष देणे कमीपणाचे वाटले नाही, आपल्याला वाटते.

व्हिजीकॅल्कच्या पेटंटविषयी एवढेच सांगते की १९७९ मध्ये सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे अवघड मानले जाई आणि ब्रिकलिन यांना सल्लाही तसाच मिळाला होता. त्यावरून शोधाची किंमत ठरत नाही. लेखाच्या लांबीबद्दल मला काही म्हणायचे नाही. ‘अभ्यास करून लिहा’ या वाक्याला मी उत्तर देणार नाही. आपली प्रतिक्रिया मात्र एकही शब्द न गाळता लेखाखाली ठेवली आहे. कॉड यांच्या निबंधाविषयी मी वर जे लिहिले, ते चुकीचे वाटत असेल, तर तो निबंध समोर ठेवून लिहा, मी वाचेन.