म्हणे फुकटचे तीन पॉइंट!

सकाळपासून डोकं फिरलंय. इथल्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर फुटबॉलचा विषय निघाला आणि एका महाशयांनी लिहिलं, "एस्टोनिया गटात आली की फुकटचे तीन पॉइंट." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. सगळे बारा महिने माद्रिदच्या जर्सीत मिरवणारे.

कॉन्स्टँटिन वासिल्येव, एस्टोनियाचा मिडफिल्डर, हे नाव ऐकलंय का कधी?

15 नोव्हेंबर 2011, आयर्लंड-एस्टोनिया, युरो कपच्या पात्रतेची प्ले-ऑफ, दोन सामन्यांतला दुसरा. मित्राकडे एक तिकीट उरलं म्हणून मी इथल्या अविवा स्टेडियमला गेलो. पहिला सामना आयर्लंड एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये 4-0 जिंकून आलेलं, त्यामुळे मॅच कसली, वरातच ती. दुसऱ्या हाफमध्ये वासिल्येवने लांबून मारला, बॉल आयर्लंडचा गोलकीपर शे गिव्हनच्या हातून निसटून आत. 1-1. शेजारचे आजोबा चहाचा कप सांभाळत म्हणाले, "चला, बिचाऱ्यांना एक तरी मिळाला."

बिचारे? तेरा-साडेतेरा लाख वस्तीचा देश सर्बिया, स्लोव्हेनियाला मागे टाकून पात्रता गटात इटलीखालोखाल दुसरा आला होता! बेलफास्टला उत्तर आयर्लंडविरुद्ध 0-1 मागे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत याच वासिल्येवचे दोन गोल. हो, फेरो बेटांकडूनही हरले होते, आणि शेवटी स्लोव्हेनियाने सर्बियाला हरवलं म्हणून जमलं. बरं मग?

मोठ्या क्लबात नव्हता, हेही मान्य. टालिनचा लेव्हाडिया, मग स्लोव्हेनियात लेंडावा आणि कोपर, रशियात पर्म, पोलंडमध्ये ग्लिविसे, बियाविस्तोक. नकाशात शोधावी लागतात ही गावं. तरीही देशासाठी 158 सामने. आधीचा विक्रम मार्टिन रेमचा, 157. तोही मिडफिल्डरच. परत येऊन टालिनच्याच फ्लोरा क्लबकडून चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळत राहिला गडी.

आजोबांवर राग नाही माझा. भले गृहस्थ, अर्धं सँडविच दिलं होतं मला. दोन्ही सामने मिळून 5-1 ने बाहेर गेलेली टीम, तरी कोपऱ्यातले एस्टोनियाचे निळे शर्ट गातच होते. मी आयर्लंडचा स्कार्फ गळ्यात घालून त्यांच्याकडेच बघत बसलेलो. इथे परका मीही होतो तेव्हा, त्यामुळे असेल.

पण ग्रुपवरच्या महाशयांचं काय करायचं? सप्टेंबर 2013, टालिन, समोर नेदरलँड्स. दुसऱ्याच मिनिटाला रॉबेनचा गोल. मग वासिल्येवचे दोन. नव्वद मिनिटं संपली तरी एस्टोनिया 2-1 पुढे! इंज्युरी टाइममध्ये व्हॅन पर्सीची पेनल्टी, 2-2, नाहीतर... जाऊ दे, अजून जीव जळतो.

ते दोन्ही गोल आत्ताच ग्रुपवर टाकलेत. दोन निळ्या टिका दिसताहेत, इमोजी मात्र एकही नाही.