‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणारे महोदय,

शिक्षणाला आधी पैसा लागतो, असं मी गेल्या लेखात लिहिलं, आणि एलआयटी, म्हणजे नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, सरकारने काढली असंही. त्याखाली तुम्ही लिहिलंत : “हे रडगाणं आहे. ज्याला शिकायचं असतं तो रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकतो. पैसा हा नुसता बहाणा. आणि एलआयटी सरकारने काढलेली नाही, आधी माहिती घ्या.”

शेवटचं खरं आहे. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिलेल्या संपत्तीतून ती संस्था १९४२ साली उभी राहिली. लेखात दुरुस्ती केली. पण मग खाणीतून आलेल्या पैशावर विदर्भातली पोरं रसायनं शिकली, हेच ना? मी दुसरं काय म्हणत होतो? आणि “आधी माहिती घ्या” हा सूर कशाला? चूक नीट शब्दांतही दाखवता येते.

आता तो दिवा. दिव्याखाली बसायला आधी रिकामी संध्याकाळ लागते, साहेब. आमचं घर नागपुरात गोळीबार चौकाजवळ, घरात हातमाग. बाबा विणायचे आणि कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरायला दोन हात लागायचे. कांड्या नाहीत तर माग थांबला, माग थांबला तर आठवड्याची मजुरी गेली. ते हात माझे किंवा ताईचे. ताईची शाळा सुटली. ती आठवी पास होती, गणितात माझ्यापेक्षा हुशार. तिने कांड्या भरल्या म्हणून मी दिव्याखाली बसलो. जिद्द तिच्यात कमी होती असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाव तरी सार्थ होईल.

तिची शाळा फीमुळे सुटली नव्हती, फी नव्हतीच. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत केलं, ते चांगलंच झालं. पण पोर शाळेत गेलं की घरात जी मजुरी बुडते, ती कोण भरून देतं? गरिबाच्या घरी शिक्षणाचा खरा खर्च तो असतो, आणि पावतीवर तो कधीच दिसत नाही. पुढे मला पगार लागला तेव्हा त्यातूनच ताईच्या मुलीची पुस्तकं आली. ती बारावी झाली, आज नोकरी करते, घरात माग नाही. एका पिढीची मजुरी आणि दुसरीचं शिक्षण अशी एकमेकांत विणलेली असतात.

सरकारी खर्चाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, त्यावर वाद घालत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असं शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणालाही तेच पुन्हा लिहावं लागलं. एवढं पुरे.

पुढेही लिहा, चुका दाखवा. ‘रडगाणं’ मात्र लिहू नका. ताई हे सगळं वाचते.