क्लोन केलं तरी गेलेलं मूल परत येणार नाही

माझ्या एका मैत्रिणीला तिच्या आधी जन्मलेल्या आणि चार वर्षांची असताना गेलेल्या बहिणीचंच नाव ठेवलंय. बहिणीचा एक फ्रॉक जपून ठेवला होता, तो हिला घालून, बहीण ज्या खुर्चीवर बसली होती त्याच खुर्चीवर बसवून फोटो काढलाय, दोन्ही फोटो अजून शेजारी शेजारी आहेत. ती मला म्हणाली, पाचवा वाढदिवस झाला आणि मग मी माझी झाले, कारण त्यापुढे ताईचं काही नव्हतंच ना ताडून बघायला.

काल परत कुणीतरी 'गेलेल्या मुलाचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशीपासून त्याच जनुकांचं दुसरं मूल, करू दिला तर काय बिघडलं' असं लिहिलेलं वाचलं आणि मला तो फ्रॉकच आठवला. मूल गमावलेल्या आईबापांच्या दुःखाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, त्यांना काहीही वाटू शकतं आणि ते वाटणं खरंच असतं. पण त्यांना जे हवंय ते क्लोनिंग देऊच शकत नाही हो! २००१च्या डिसेंबरमध्ये टेक्ससमध्ये पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली, सीसी. जिच्या पेशीपासून केली ती रेनबो तिरंगी होती, सीसीच्या अंगावर केशरी रंगच नाही. तिरंगी मांजरीत प्रत्येक पेशीत दोनातलं एक एक्स गुणसूत्र बंद पडतं, कुठलं ते नशिबावर, आणि त्यावर केशरी की काळा ते ठरतं. जीन्स त्याच असून साधे केस जुळले नाहीत, आणि आपण हसणं, हट्ट, आठवणी परत मिळतील म्हणतोय.

लोक म्हणतात जुळी भावंडं पण जनुकांनी सारखीच असतात, त्यांचं कुठे काय बिघडतं? बरोबर आहे, पण जुळी एकदमच सुरू होतात, दोघांपैकी कुणाचंच पुढचं पान कुणी वाचलेलं नसतं. क्लोनचं तसं नाही. मैत्रिणीपुढे चारच वर्षं होती, चाळीस वर्षांच्या माणसाचा क्लोन केला तर त्या बाळापुढे चाळीस वर्षं मांडून ठेवलेली असणार, तो गणितात हुशार होता मग तुला का येत नाही, त्याला अमुक आजार झाला होता म्हणजे तुलाही होणार, आणि हे सगळं त्याला बोलता यायच्या आधीपासून. माझा खरा आक्षेप हा आहे.

धोक्याचा मुद्दा तर आहेच. डॉली या क्लोन केलेल्या मेंढीच्या वेळी कासेतल्या पेशीतलं केंद्रक घालून २७७ बीजं तयार केली, त्यातून २९ भ्रूण झाले आणि एक कोकरू जन्मलं, ५ जुलै १९९६ला. शांघायच्या क्लोन केलेल्या माकडांची बातमी २०१८ला आली तेव्हा सगळे झोंग झोंग आणि हुआ हुआबद्दल बोलत होते, पण ती दोघं गर्भाच्या पेशींपासून झालेली. प्रौढ माकडाच्या पेशींपासून केलेले १८१ भ्रूण ४२ माद्यांमध्ये सोडले, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली. हे आकडे माणसाच्या बायकांना लावून बघा, मला तर पुढे विचारच करवत नाही. तरी हा मुद्दा कायमचा नाही, तंत्र सुधारत जातं, उद्या कुणी सेफ करून दाखवलं तर फक्त धोक्यावर बोट ठेवणाऱ्यांकडे बोलायला काय उरणार?

तरीही सगळ्याच क्लोनिंगवर सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे, हे ऐकून काहींना धक्का बसेल. २००५ला युनोत माणसाच्या सगळ्या प्रकारच्या क्लोनिंगवर बंदी घालावी असा ठराव झाला तो ८४ विरुद्ध ३४ असा, ३७ देश तटस्थ, आणि तोही कुणावर बंधनकारक नाही. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना क्लोन करून मूल जन्माला घालण्यावर बंदी हवीच होती, त्यांचं भांडण उपचारासाठी क्लोन केलेल्या भ्रूणातून मूळपेशी (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात) काढण्यावरून होतं. दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आणि दोन्हींचा घोळ झाला. उपचाराच्या बाजूलाही सांभाळून जायला हवं, दक्षिण कोरियात अशा मूळपेशींवर काम करणाऱ्या ह्वांग वू सुक या शास्त्रज्ञाच्या लॅबमधल्या हाताखालच्या मुलींनीच स्त्रीबीजं दिली होती, साहेबाला नाही कोण म्हणणार? आता जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या २००६च्या शोधानंतर साध्या त्वचेच्या पेशीही मूळपेशींसारख्या करता येतात, त्यामुळे बीजांची गरज बरीच कमी झालीये.

संशोधन चालू द्या, नियम लावून, बीज देणाऱ्या बाईची संमती नीट घेऊन. पण क्लोन केलेला भ्रूण गर्भाशयात ठेवायला सगळीकडे कायद्याने बंदी पाहिजे, तंत्र कितीही सेफ झालं तरी.